रिबेकामावशीची तिसरी फेरी

"आई गेली," असा रिबेकामावशीच्या लेकीचा, सारूचा, फोन आला तेव्हा मी रोह्याला स्वयंपाकघरात उभी होते. आधी रडू आलं नाही, भीती वाटली... आता माझं राहिलेलं कुणाला सांगायचं?

पेणला रामवाडीत मावशीची आणि आमची भिंत एक. ती बेने इस्रायली, कोकणातली ज्यू. शनिवारी तिची चूल बंद, तरी शुक्रवारी रांधलेल्यातला एक डबा माझ्या आईसाठी निघायचाच. बाबांमागे आई एकटी होती. मी रोह्याला शिक्षिका, तासाभराच्या अंतरावर. पण परीक्षा, पाहुणे, गुडघे... कारणांना काय तोटा!

आईच्या तेराव्याला मी सगळ्यांदेखत हुंदके देत होते. मावशी म्हणाली, "आता रडतेस? म्हातारी वाट बघून बघून गेली. कितीदा आलीस गो?" मी तिच्याशी बोलणं टाकलं.

त्यांच्या मोठ्या उपासाआधी माणसांची माफी मागायची रीत आहे. माणसाचा अपराध देव परस्पर माफ करत नाही. मावशी एसटीने रोह्याला आली.

"चारचौघांत तुला खाली बघायला लावलं, ते चुकलं माझं. माफ कर."

"आणि जे बोललीस ते?"

"ते खरं हाय. ते कसं मागं घेऊ?"

मी दार लोटलं. चार दिवसांनी ती पुन्हा आली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दोन शेजारणींना घेऊन आली. "शेजाऱ्यावर आपल्यासारखी माया कर, असं आमच्यात लिवलंय," ती म्हणाली. "पन त्याच्या आधी लिवलंय, तो चुकला तर त्याला सांग, मनात डूख धरू नको. मी सांगितलं. कसं सांगावं, ते कळलं नाय मला." मी त्या तिघींना साधं पाणीही विचारलं नाही. पुढची दोन वर्षं पेणला पाऊल ठेवलं नाही.

तीनदा मागूनही माफी मिळाली नाही, तर दोष माफी नाकारणाऱ्याकडे येतो, हे मला सारूने परवा सांगितलं.

"मग आता मी काय करू?"

"गेलेल्या माणसाची माफी मागायची तर धा जणांना कबरीशी नेऊन त्यांच्यासमोर कबूल करायचं," ती म्हणाली. "पेणात आमचे धा जमतात कुठं आता?"

मी एकटीच जाऊन आले. ऐकायला दहा जण नव्हते. म्हणून हे लिहिलं. वाचणारे दहा तरी असाल. आईच्या शेवटच्या वर्षात मी तिच्याकडे दोनदा गेले. दोनदाच. मावशी, तू खरं बोललीस. मी चुकले... मला माफ कर.