भोंगा मुका झाला तेव्हा

आमच्या गल्लीतल्या अंडीवाल्या मावशीला सगळे भोंगा म्हणतात, तेही तोंडावर. तिला त्याचा राग नाही. उलट तीच विचारते, "अंडी काय मुक्यानं खपतात?" टोपली डोक्यावर घेऊन तिनं "अंडीऽऽ ताजी अंडीऽऽ" अशी हाळी दिली की ओढ्यापलीकडची गिऱ्हाइकं चपला शोधायला लागतात.

एवढी बाई एकाएकी मुकी झाली.

तिची सून पोटुशी होती. मुलगा गवंडी, दूरच्या कामावर. पोरीची झोप पार उडालेली. रात्रभर कूस बदलायची, सकाळी डोळे तांबारलेले. घास घशाखाली उतरत नव्हता. भांडी घासता घासता डोळ्यांना धार लागायची आणि विचारलं तर "काही नाही." नर्सबाईंनी मावशीला बजावलं होतं, "हे नखरे नाहीत बरं का. दिवस राहिल्यावर मनही आजारी पडतं. त्यात झोप नाही, म्हणजे ते आणखी खचतं. तिला बोलतं करा."

मावशीनं घरी येता येता स्वतःचंच निदान केलं. या गळ्यानंच घात केला! माझ्या आवाजानं मेलेला उठून बसेल, तिथे ही पोर झोपणार कशी?

दुसऱ्या दिवसापासून मावशी खुणांनी बोलू लागली. दारोदार कड्या वाजवून अंडी विकू लागली. पातेली फडक्यात गुंडाळली. कोंबड्यांना शिव्या बंद. त्या बिचाऱ्या बावचळून एकमेकींची तोंडं बघत बसायच्या.

पोर मात्र आणखीच वाळत चालली.

एका दुपारी मी अंडी आणायला गेले. सून अंगणात खाटेवर होती, मावशी खुराड्यापाशी दाणे टाकत होती. पोरीनं माझा पदर धरला.

"काकू, तुम्ही तरी विचारा हो. आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीत. मला बाळाचा आनंद होत नाही, हे त्यांना कळलं असणार. असली कसली आई मी!"

मावशीच्या हातातलं सूप खाली पडलं.

"अगं येडे!" कोंबड्या उडाल्या, माझी पिशवी सुटली. "तुला झोप लागावी म्हणून तोंड शिवून बसले मी! पोटात बोलण्याचा गोळा आलाय माझ्या!"

पोर दचकली. मग हसायला लागली, हसता हसता रडली.

मावशीनं तिचं डोकं मांडीवर ओढलं. "तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी या खुराड्यात शिरून रडायची. सासू म्हणायची, अंडी उबवतेस का गं? मग कुणाला सांगणार? कोंबड्यांना सांगितलं. तुला तर मी आहे की!"

बोलता बोलता पोरीचा श्वास संथ झाला. मावशी थांबली, तशी पापणी हलली. मावशीनं घाईघाईनं पुढचं सुरू केलं.

एका झोपेनं मन बरं होत नाही. पुढे नर्सबाई येत राहिल्या, डॉक्टरही झाले. काही सकाळी जडच गेल्या. पण आता पोर सांगायची, "आत्याबाई, आज जड आहे," आणि मावशी जवळ बसायची.

त्या दुपारी मात्र तिच्या स्वतःच्या गोष्टी संपल्या, मग तिनं गल्लीच्या काढल्या. शिंप्यानं स्वतःच्याच लग्नात तोकडा सदरा घातला ते. न्हाव्याच्या डोक्यावरचे केस विकतचे ते. मला बघायला येताना आमचे हे शेणात घसरले तेही. सगळं त्या खणखणीत आवाजात! माणसं दारात गोळा झाली. न्हावी तर लालबुंद.

"अहो, कुणीतरी आवरा हिला!"

"खबरदार," मी म्हटलं, "पोर झोपलीय."

न्हाव्यानं खाटेकडे पाहिलं. मग घरात गेला, पाण्यानं भरलेला तांब्या आणून मावशीच्या हाताशी ठेवला आणि कुजबुजला, "घसा ओला कर. अन् शिंप्याचं ते दुसरं प्रकरण राहिलं बघ."