ताकावरचा पहिलवान

"दूध वासराचं, ताक आपलं," असं म्हणून माझा जोडीदार पहिलवान समोर आलेला दुधाचा पेला हातानं मागे सारायचा. पेला कुणी दिलाय, हे बघायचा नाही. हट्टा गावच्या तालमीत आम्ही दोघांनी बरोबरीनं माती अंगाला लावली.

सुरुवातीला मात्र तो मुकाट्यानं प्यायचा. पहिलवान म्हटला की दूध आलंच. वस्ताद समोर बसवून तांब्याभर पाजायचे. थोड्या वेळानं याचं पोट फुगायचं, आत गुरगुर चालायची आणि गडी ओढ्याकडे पळायचा. अंगावर मांस धरेना. वस्ताद म्हणायचे, "नजर लागली." शेवटी तालीम सोडून तो साखऱ्याला बहिणीकडे गेला.

तिच्याकडे दुभतं नव्हतं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, मूठभर शेंगदाणे आणि शेजारून मागून आणलेलं ताक. सुगी सरल्यावर तो परत आला, तो दंड भरून.

"काय खाऊन राहिला रे?" वस्तादांनी विचारलं.

"जे पोटात राहतं ते. तूप चालतं, दही चालतं, ताक तर बराबर मानवतं. नुसतं दूध न्हाई जमत."

मध्ये एकदा त्यानं हौसेनं पेढे खाऊन पाहिले आणि अंथरूण धरलं. मग तोही नाद सोडला.

जत्रेतल्या कुस्तीच्या सकाळी गावच्या मालकांनी त्याला बोलावून स्वतःच्या हातानं बदामाचं दूध पुढे केलं. मालकांना नाही म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. आम्ही खाली बघत उभे राहिलो.

"मालक," तो शांतपणे म्हणाला, "हे प्यालो तर दुपारी आखाड्यात न्हाई, ओढ्यात सापडन मी."

मालक मिशीत हसले आणि आतून ताक मागवलं. दुपारी त्यानं परभणीकडच्या नावाजलेल्या गड्याला चीत केलं.

"तुला भ्या काहून वाटलं न्हाई?" मी परतताना विचारलं.

"पोट माझं हाय. मालकाचं न्हाई."

निजामाचं राज्य गेलं, त्याच हिवाळ्यात तो तापानं गेला. सावडायच्या दिवशी घरातून निघताना भावकीतल्या म्हाताऱ्यानं राखेवर शिंपडायला दुधाचा तांब्या उचलला. पहिलवानाची बायको दारात उभी होती. तिनं तो हातातून काढून घेतला आणि ताकाचा तांब्या दिला.

"दूध नका नेऊ, मामा," ती म्हणाली. "त्यांना सोसत न्हाई."

ताकाचा तांब्या घेऊन म्हातारा आमच्या पुढे चालू लागला.