फाटकावरची पिशवी

तिठ्यावर पोदेराचा भोंगा वाजायच्या आधीच माझी जनीआते घरातून निघालेली असे. हळर्णच्या आमच्या घरापासून तिठा जवळच. पण त्या पाववाल्यापर्यंत पोहोचायला तिला अर्धा तास लागे. वाटेत दोन फाटकं होती, आणि दोन्हींवर ती काठी आपटायची.

"गे सुभद्रे, जिती आसंस मा?"

"तुका पोचवल्याबिगर मरूची नाय गे मी!" आतून उत्तर येई.

पुढे रखमा. सत्तरी ओलांडलेल्या तिघी एकमेकींना धरून चालायच्या. आते म्हणायची, "पायांक सोबत लागता. एकटे पाय बसान रवतत."

आईमागे मला तिनंच वाढवलं. मी मुरगावला बंदरात नोकरीला, शनिवारी घरी येई. एका शनिवारी कळलं, आते वाटेत घसरली. गुडघा खरचटला होता, एवढंच. पण मी घाबरलो. खरं सांगतो, तिच्यासाठी कमी, लोक मला काय म्हणतील यासाठीच जास्त. मी फाटकावर कापडी पिशवी अडकवली आणि पोदेराला सांगितलं, रोजचे पाव यातच टाक.

"आते, आता उंबऱ्याभायर पडूचा नाय."

"पाव घराक येतलो रे बाबू," ती म्हणाली. "पण पिशवेत सुभद्रा येतली?"

मी हसलो होतो.

वर्षभरात ती न्हाणीपर्यंत जातानाही भिंत धरू लागली. डॉक्टर म्हणाले, आजार नाही, चालणं सुटलंय. मग एका रविवारी मी पिशवी काढली आणि हात धरून तिला बाहेर नेलं. सुभद्रेच्या फाटकाशी पोहोचेस्तोवर तिला धाप लागली. तरी काठी आपटलीच. सून बाहेर आली.

"मांय आता खाटीवरच, आते. तुमी येवक बंद झाल्यात, तेव्हापासून ती भायर पडलीच नाय."

आतेनं माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "चल, घराक जावया," एवढंच म्हणाली. तिचं ते शेवटचं चालणं. त्याच वर्षी आधी सुभद्रा गेली, मग आते.

बाराव्यानंतरच्या सकाळी मी आतेची काठी घेऊन निघालो. रखमेच्या फाटकावर ती आपटली.

"कोण ता?"

"मी, जनीआतेचो बाबू. पाव हाडूक येतंस?"

मग आतून आवाज आला, "वायच थांब रे. माझ्यो व्हाणो खंय ठेवलंय, ता बघूक होया."