काकांच्या फोटोला हार

मंडळी, दुपारपासून मन लागत नाहीये.

मीरा रोडला आमच्या सोसायटीचं गणपतीतलं नाटक बसतंय. एका फ्रेंच विनोदी नटाचं आयुष्य आहे. तो स्वतः दिग्दर्शकही होता, आणि आमच्याकडेही दोन्ही कामं बाळाकाकाच करतायत.

शेवटच्या सीनला त्या मेलेल्या नटाचा फोटो हवा होता. मी काकांचाच मेकअपमधला फोटो लावला आणि चंदनाचा हार घातला. सगळे हसले.

चहा घेऊन आलेल्या काकूंनी तो बघितला. "जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात काय रे?" म्हणत काढून टाकला.

तालीम संपल्यावर हॉलला कुलूप लावायला गेलो, तर काका एकटेच तो हार परत घालत होते.

"बघ रे, सरळ बसलाय ना?"

ते हसत नव्हते. मी हो म्हटलं.

काकूंना सांगू का?