टँकमधली फुंकर

“फिल्म मुंबईला धुवायला जायची न्हाय. परक्या पुरुषानं माझ्या सुनंचं तोंड बघायचं न्हाय,” हलीमाबींनी मला दारातच सांगितलं.

तीस-बत्तीस सालची श्रीवर्धनातली गोष्ट. फोटो तर हवाच होता. त्यांचा मुलगा दाऊद आफ्रिकेत नोकरीला. तो गेल्यावर इकडे बाळ झालं, ते त्यानं पाहिलंच नव्हतं. मोहल्ल्यातले एक गृहस्थ दुसऱ्याच दिवशी आगबोटीनं तिकडे निघणार होते. फोटो त्यांच्याबरोबर पाठवायचा होता. गावात फोटोग्राफर मी एकटा, आणि माझ्यापाशी रोल उरला होता एकच.

म्हटलं, “तुमच्याच घरात धुतो. मग तर झालं?”

माझ्याकडे डेव्हलपिंग टँक होता. म्हणजे झाकणाचा धातूचा डबा. फिल्म काळ्या पट्टीत गुंडाळून आत ठेवायची, डेव्हलपर नावाचं औषध ओतायचं, झाकण लावायचं. अंधारी खोली लागत नाही. उजेड मात्र आत शिरता कामा नये, नाहीतर फिल्म बाद. या डब्यावर माझा फार जीव. बायको म्हणायची, एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नाही.

त्या दिवशी कॅमेरा तिनंच चालवला. मी परसात सुपारीच्या झाडांकडे तोंड करून उभा. आतून “बाळाचं टोपरं सावर गं” एवढं ऐकू आलं. मग मी फिल्म टँकमध्ये घातली. औषध गरम असलं तर फिल्मवरचा थर सुटतो, म्हणून माठातल्या गार पाण्यात कालवलं. “डब्याला हात लावू नका,” असं बजावून ओटीवर चहाला बसलो.

परत येऊन बघतो तर हलीमाबी झाकण उचलून डब्यावर ओणव्या. ओठ पुटपुटत होते. मग त्यांनी आत हलकेच फुंकर घातली.

“अहो चाची, झाकण!”

“दुवा पढले, भाऊ. पोरगा दर्यापार हाय. डब्याला हात न्हाय लावला.”

खरंच, झाकणाखेरीज कशालाच लावला नव्हता. संताप आला, पण त्यांच्या तोंडाकडे बघून गिळला. दाराआड सून जैनब मुसमुसू लागली.

फिल्म धुऊन उजेडात धरली. काळ्या पट्टीनं लाज राखली होती. उजेड एका कडेनं शिरला होता, पण मायलेक शाबूत! निगेटिव्हमध्ये तोंड काळं आणि केस पांढरे दिसतात, तेव्हा मी पाहिलं तरी पडदा मोडला नाही, असं सर्वानुमते ठरलं.

सकाळी बायकोनं उन्हात प्रिंट काढली. कडेला पांढरा पट्टा आला होता. तिनं विचारलं, “कापून टाकू?”

“नको,” जैनब म्हणाली. “अम्मींची फुंकर हाय ती.”

पुढे ते गृहस्थ परत आले, तेव्हा मी दाऊदची चौकशी केली.

“फोटो कुणाला दाखवत न्हाय,” ते म्हणाले. “बायकोपोरावर तळवा ठेवतो आणि तेवढा पांढरा पट्टा सगळ्यांना दाखवतो. म्हणतो, ही माझ्या आईची फुंकर.”

मला भरून आलं. तरी तेव्हापासून मी टँकचं झाकण सुतळीनं बांधतो. आईला सूचना देऊन भागत नाही.