होडीचा बांध

नोव्हेंबरचा पहिला सोमवार. काम होतं जुन्या होडीचा तळ घासायचं. चौदा फुटी फायबरची होडी शेडमध्ये पालथी घातलेली. मी मास्क चढवला, ग्राइंडर उचलला, तर तळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत मधोमध खडूची रेघ.

"ही कोणी मारली?"

"मी," किसनराव म्हणाले. "डावी बाजू माझी. तेवढीच करायची."

"आणि उजवी?"

त्यांनी शेडच्या दुसऱ्या दाराकडे हनुवटी केली. तिथे त्यांचा धाकटा भाऊ संपत उभा होता. तो भावाकडे न बघता मला म्हणाला, "मॅडम, त्यांना सांगा, रेघ दोन बोटं माझ्यात आलीय. बांध कोरायची सवय हितंबी सुटली न्हाई."

मी विचारलं, "डावी म्हणजे होडी सुलटी असतानाची, की आता पालथी आहे तशी?"

दोघांनी वाकून होडीकडे पाहिलं. हे वाटणीत ठरलं नव्हतं. बराच विचार होऊन सुलटी धरायचं ठरलं आणि दोघांनी दारं बदलली.

माझं पिरंगुटला फायबरग्लासचं वर्कशॉप आहे. आम्ही कचऱ्याचे डबे, वॉचमनच्या केबिन, टाक्यांची झाकणं बनवतो. होडी क्वचित येते. ही आली होती मुळशी धरणाच्या काठावरच्या एका गावातून. उन्हाळ्यात या भावांची वाटणी झाली. घर, खाचरं, म्हशी, सगळं वाटलं. वल्ही दोन होती, ती एकेक सुटसुटीत गेली. होडी एकच. आडवी वाटली तर पुढचा भाग कोणाचा यावरून डोकी फुटली असती, म्हणून उभी वाटली. तेव्हापासून दोघांनी ती वापरली नाही आणि एकमेकांना वापरू दिली नाही. पावसाळाभर ती झाडाखाली पाणी भरून पडली आणि कुजली.

आता पाण्यापलीकडच्या खाचरात दोघांचं भात झोडून, पोत्यांत भरून उघड्यावर पडलं होतं. तिकडे गाडीरस्ता नाही. आभाळ रोज भरून येत होतं. भात भिजलं की मोड येणार. एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं.

फायबरग्लास म्हणजे काचेच्या तंतूंची चटई. तिला आम्ही मॅट म्हणतो. मॅटवर रेझिन नावाचं चिकट रसायन चोपडायचं. ते वाळून दगडासारखं होतं. असे थर एकावर एक चढवायचे. जुनी होडी तपासायची तर हातोडीने वाजवायची. चांगली जागा टणटण वाजते, कुजलेली भद्द. ही होडी रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखीच भद्द वाजली. कुजताना तिने वाटणी पाळली नव्हती.

"अर्धी होडी दुरुस्त होत नाही," मी सांगितलं. "आणि मॅट रेघेवरून चार बोटं पलीकडे न्यावीच लागते. त्याला ओव्हरलॅप म्हणतात."

"म्हंजी अतिक्रमण," संपत म्हणाला.

"नाही नेली तर होडी रेघेवर उकलेल."

किसनरावांनी मान हलवली. "मग तो पट्टा सामाईक धरा."

माझा कारागीर सुरेंदर बराच वेळ ऐकत होता. त्याने हळूच विचारलं, "मैडम, ये नाव है कि खेत?"

रंग थोरल्याने पोपटी सांगितला. ते कळताच धाकट्याने चॉकलेटी. थर मात्र मी दोन्हीकडे तीनच ठरवले. एक बाजू जड झाली तर होडी कलते, हे दोघांना वेगवेगळं बसवून समजावलं. दोघांनाही पटलं.

गुरुवारी मी लवळ्याच्या एका हॉस्टेलला डबे पोचवायला गेले. तेवढ्यात किसनराव शेडवर आले आणि सुरेंदरला म्हणाले, मॅडमचा फोन आला होता, माझ्या बाजूला अजून थर द्यायला सांगितलेत. सुरेंदरने दिले. किती? तर शेडमधली मॅट संपेपर्यंत. मी परतले तेव्हा सगळं वाळून कडक झालं होतं.

मी फोन केला. "किसनराव, काय केलंत हे?"

"मजबूत केली."

"कलेल ती."

"त्याच्याकडं न्हाई ना कलणार?"

जादा थर घासून काढायला दोन दिवस लागले असते. आभाळाकडे बघून मी रंग मारायला सांगितला आणि शनिवारी टेम्पोतून होडी काठावर नेली.

पाण्यात सोडली. रिकामी होडीसुद्धा डावीकडे कलली. दोघे भाऊ आपापलं वल्हं घेऊन मधल्या फळीवर आपापल्या बाजूला बसले, तर पोपटी काठ पाण्यापासून चार बोटंच वर राहिला. मी दोरी सोडली नाही.

"पोती घातली की उलटेल. किसनराव, तुमची पोती उजवीकडे ठेवा."

"त्याच्या हद्दीत? उतरताना त्याचीच व्हायची."

"संपत, मग तुझी जास्त घाल."

"का? खेपेला सारखीच जाणार."

"मग एकच उपाय आहे. किसनराव, तुम्ही रेघेच्या पलीकडे वीतभर सरकून बसा."

किसनराव हलले नाहीत. डोंगरामागे गडगडलं. काठावर किसनरावांच्या पत्नी पोत्यांवर टाकायचं प्लास्टिक घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सरका की. भाऊच हाय, शेजारी न्हाई."

किसनराव पाण्याकडे बघत मला म्हणाले, "मॅडम, त्याला इचारा, वीतभर सरकू का."

संपत दोन हात अंतरावर होता. मी विचारलं.

"सरक म्हणावं. पन माझ्या अंगाला टेकायचं न्हाई."

ते सरकले. होडी सरळ झाली. मी दोरी सोडली.

अंधार पडायच्या आत शेवटची खेप आली. रात्री धो धो पाऊस झाला. एकही पोतं पलीकडे राहिलं नव्हतं. इकडच्या काठावरून बघणाऱ्याला दिवसभर तिरकी जाताना पोपटी होडी दिसली होती आणि येताना चॉकलेटी.

यातून मी एवढंच शिकले की सामाईक वस्तूला काटकोन्या, लेव्हल वगैरे नंतर लावावीत. आधी मालक मोजावेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संपतला फोन केला. म्हटलं, घाई संपली, होडी पाठवून दे, जादा थर काढून देते.

"राहू द्या मॅडम," तो म्हणाला. "थर काढला तर दादा परत आपल्या जागेवर जाईल."

फोन ठेवला आणि आणखी थर द्यायची बुद्धी दोघांपैकी कोणाला होऊ नये म्हणून नव्या मॅटच्या कपाटाला कुलूप लावलं.