दुसरी आंघोळ

"थांब. तू परत शॉवर घे."

पोहण्याच्या तलावाच्या काठावर, सगळ्यांसमोर वहिनी म्हणाल्या. मी नुकतीच शॉवर घेऊन आले होते. केसांतून पाणी गळत होतं.

"घेतला वहिनी."

"मग साबण लावून घे. पाण्याला वास मारतो गं. मासळीचा. मुलं पोहतात इथे."

कुणीतरी हसलं. बाकीच्या आपापले गॉगल नीट करत राहिल्या. आणि मी गेले. हे सांगताना अजून मान खाली जाते. भांडले नाही, काही नाही. मुकाट्यानं गेले आणि परत अंग घासलं.

माझी आई बाजारात मासळी विकते. मी एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. पोहणं, सायकल, धावणं हे तिन्ही एकापाठोपाठ करायची ती ट्रायथलॉन मला करायची होती. सायकलला रस्ता आहे. धावायला भाट्याच्या समुद्रकिनाऱ्याची वाळू आहे. पोहण्याच्या सरावाला मात्र संथ, मोजलेलं पाणी लागतं. मला परवडेल, जमेल असा एकच तलाव सापडला, या क्लबचा. पास मीही काढलेला. वहिनी आंबा बागायतदारांच्या घरच्या, तिथे सरावाला येणाऱ्या आमच्या ग्रुपच्या म्होरक्या; सगळ्या त्यांना वहिनीच म्हणतात. याच हातांनी मी त्यांचं रक्त काढलं होतं. तेव्हा वास आला नव्हता.

त्यानंतर मी दर खेपेला दोनदा आंघोळ करू लागले. कुणी न सांगता. स्वतःचेच दंड हुंगायचे. घरी आईला म्हटलं, "माझ्या पोहण्याच्या बॅगेला हात लावू नको."

"का गो?"

"असंच."

तिनं हात पदराला पुसले आणि मागे सरली. तरी मी सुधारले नाही.

मग एका रविवारी भाट्याला समुद्रात सराव ठरला. पाणी कमरेला लागलं आणि वहिनी जागीच थांबल्या. "तू माझ्या बाजूनं राहा हं. तुम्हा लोकांना सवय असते." मी राहिले. पुढे एका लाटेनं त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं. त्यांनी माझा दंड धरला, नखं रुतेपर्यंत. मी त्यांना उताणं धरून किनाऱ्याला आणलं.

वाळूवर सगळ्या फोटोला उभ्या राहिल्या. वहिनींनी मोबाईल माझ्या हातात दिला. "तू काढ गं आमचा."

मी काढला. फोटोत सगळ्या होत्या. माझ्या दंडावर नखांचे वळ होते. ते बघून मला माझाच संताप आला.

मंगळवारी तलावावर गेले. एकदा शॉवर घेतला. शिडीपाशी वहिनी होत्याच.

"साबण लावलास?"

"नाही. लावणार नाही."

"नियम आहे."

"मग सगळ्यांना लागू करा. आधी तुम्ही जा."

तशीच पाण्यात उतरले. एकेक करून सगळ्या वर गेल्या. रिकाम्या तलावात मी पोहत राहिले. श्वास जमत नव्हता, हात जड झाले होते. मॅनेजर काठावर येऊन उभा राहिला.

"बाहेर या. तक्रार आहे."

"माझं अंतर पूर्ण झालं की येते."

पूर्ण करूनच आले. त्यानं पास परत मागितला. मी दिला नाही. तो समजूत काढत म्हणाला, "तुम्हाला काय, एवढा समुद्र आहे."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. बॅगेचंही. तिनं माझी बॅग उचलून खुंटीला लावली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या नावानं आंघोळ केलीस होय गो."

 

आता क्लबच्या दारातच मला अडवतात, म्हणून सध्या मी समुद्रात पोहते. पावसाळ्यात तोही बंद होईल. लोक म्हणतात, बरं झालं, समुद्र काय कमी आहे? कमी नाही. पण तो आहे म्हणून मी तलाव सोडावा, हा न्याय मला मान्य नाही. उद्या सकाळी मी त्या दारात जाणार. परवाही. अडवायचं तर अडवा. पण का अडवता ते सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगा. ते ऐकल्याशिवाय मी हलणार नाही.